मधला आवाज कुणी ऐकला
नव्वदच्या दशकात माझा कॉलेजातला मित्र पुण्याहून कॅसेटी पाठवायचा. एका जुन्या जर्मन रचनाकाराचे पियानोवरचे प्रिल्यूड आणि फ्यूग. तुकडे तेच, वाजवणारे वेगळे. कुणाचं कसं वाटलं ते मी पत्रातून कळवायचं. हिंगोलीतल्या एका शाळेत कारकुनी करणाऱ्या मला त्या पत्रांचा फार अभिमान होता.

फ्यूगमध्ये एक आवाज धून सुरू करतो. तो पुढे जातो तोवर तीच धून दुसरा उचलतो, मग तिसरा. मला वरचा ऐकू यायचा, फार तर खालचा. मधला कधीच सापडला नाही. बायकोला सापडायचा. हळदीच्या निंदणीत एका पातीवरचं, म्हणजे ओळीतलं, गाणं दुसऱ्या पातीवरच्या बायका उचलतात, त्यात ती वाढलेली. भाजी निवडता निवडता म्हणायची, "ह्यानं मधल्या बाईला पार दाबून टाकलं. काहून एवढी घाई करून राहिला? पहिल्या टेपात ती बराबर बोलत होती."

मी तेच शुद्ध भाषेत लिहायचो, माझं म्हणून. मित्राचं उत्तर यायचं, "तुझे कान विलक्षण आहेत."

एका दिवाळीत तो घरी आला. टेप लावून म्हणाला, "दाखव बघू, मधला कुठे येतो?" मी डोळे मिटले, अंदाजाने बोट वर केलं. चुकलं. चहा घेऊन आलेली बायको मात्र मधला आला नेमकी तिथेच त्याच्याबरोबर गुणगुणली.

"वहिनी, तुम्हाला हे कसं कळलं?"

मी मध्येच बोललो, "माझं ऐकून ऐकून तिलाही कान आलाय."

"व्हय," ती हसली. "हे सांगतात, आमी शिकतो."

त्यानंतर टेप लावला की ती उठून जायची. विचारलं तर म्हणायची, "तुमाला कळतं की सगळं." सात-आठ वर्षं मी एकटाच ऐकत राहिलो. माझी पत्रं आखडत गेली. मित्राला वाटलं, कामात असेन.

पुढे त्याने एक सीडी पाठवली. तेव्हा मात्र पत्रांतली ती मतं माझी नव्हती, हिची होती, असं मी त्याला लिहिलं आणि पाकीट चिकटवण्याआधी तिला वाचून दाखवलं.

"एवढी माफी? वाचणाऱ्याला वाटंल, खून केला."

मी पाकीट चिकटवलं. मग तिनेच विचारलं, "ह्या नव्यात मधली कशी हाय?"

"मला ती ऐकूच येत नाही. कधीच आली नाही." हे मी तिला पहिल्यांदा सांगत होतो.

"मंग लावा की," ती म्हणाली. "आन् सरका जरा तिकडं."