गिऱ्हाइकाचा उजवा कान

प्रयोगशाळेत तिला सगळे तळमावशी म्हणत. काचेच्या नळ्या आणि बाटल्या धुण्याचं काम तिनं सव्वीस वर्षं केलं. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या नळीवर तिचा मुळीच भरवसा नसे. धुतलेली नळी ती उजेडात धरून बुडाशी बघे आणि नव्या बायकांनी धुतलेल्या निम्म्या नळ्या परत बेसिनमध्ये टाके.

"मावशी, त्यातून काय पाणी प्यायचंय तुम्हाला?" एकीनं वैतागून विचारलं होतं.

"तुझं रक्त येईल ना त्यात तपासायला, तेव्हा विचार," मावशी म्हणाली होती.

आता ती निवृत्त होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती, खाटेला खिळलेला नवरा आणि लांब कानांचा एक म्हातारा कुत्रा, एवढेच राहत. नवरा फळबाजारात लिलाव पुकारायचा. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या हमालालाही त्याचा आवाज ऐकू जाई. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. उरला तो एकच आवाज, 'हो' आणि 'ओ' यांच्या मधला, घशातून ओढून काढल्यासारखा.

त्या आवाजाचं काय करायचं, हे कुणालाच कळत नसे. भेटायला आलेली माणसं चुळबुळ करत आणि घड्याळ बघत. ती स्वतः पाणी, उशी, पंखा असं एकेक विचारत जाई आणि बहुतेक वेळा चुके. कुत्र्याला मात्र काही विचारावं लागत नसे. हाक आली की तो असेल तिथून उठायचा आणि खाटेच्या कडेवर हनुवटी टेकायचा. मग नवऱ्याच्या चेहऱ्याची डावी बाजू हसायची. दिवसातून वीसेक वेळा तरी हे चाले. कुत्र्याला पिल्लू असताना बाजारातूनच उचलून आणलं होतं आणि नवऱ्यानं त्याचं नाव गिऱ्हाईक ठेवलं होतं.

"आलं बघा तुमचं गिऱ्हाईक," ती स्वयंपाकघरातून म्हणे. "अकरा वर्षं नुसतं येतंय, घेत काही नाही."

कुत्र्याचा डावा कान जुन्या दुखण्यानं आतून बंद झाला होता. यंदा उजव्यालाही वास यायला लागला. तो सारखा डोकं झटके आणि कान भिंतीला घाशी. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी छोट्या दिव्यानं आत पाहिलं.

"याचं सगळं ऐकणं आता या एका कानावर आहे, मावशी. नीट बघून घ्या. औषध कानात भरायचं, मुळाशी बोटांनी चोळायचं आणि सोडून द्यायचं. तो डोकं झटकेल, मळ वर येईल. आला तेवढा कापसानं टिपायचा. आत काडीबिडी घालायची नाही."

"मग तळाशी राहिलेलं?"

"राहू द्या. कान म्हणजे सरळ नळी नव्हे, आत वळण असतं."

आठ दिवस तिनं सांगितल्याबरहुकूम केलं. वास कमी झाला, कुत्र्याचं खाजवणंही थांबलं. पण कापूस रोज तपकिरीच निघे आणि ते तिच्या मनाला लागून राही. नवव्या दिवशी तिनं बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. खोल कुठेतरी काळं काहीतरी चिकटलेलं दिसलं. सगळ्यात अरुंद नळ्यांसाठी ती बारीक काडीला कापूस गुंडाळत असे, तसाच तिनं गुंडाळला. कुत्र्याला गुडघ्यांत धरून काडी फिरवत आत घातली आणि फिरवतच बाहेर काढली. भरपूर मळ निघाला. तिला हायसं वाटलं, म्हणून तिनं पुन्हा घातली, या वेळी आणखी आत. कुत्रा एकदाच किंचाळला. तो सुटायच्या आत तिनं औषध काठोकाठ भरलं.

सकाळी कुत्र्याची मान एका बाजूला कलली होती. तो दारातून निघाला आणि कपाटावर जाऊन आपटला.

"आत काही घातलं होतंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "पडदा फाटलाय. औषध आत उतरलंय. मान होईल सरळ. ऐकू येणं आता कठीण आहे."

त्या दुपारी नवऱ्यानं हाक मारली. कुत्रा टेबलाखाली झोपलेला होता. त्यानं पुन्हा मारली, जोर लावून.

"म्हातारा झालाय हो तो," ती म्हणाली. "झोप लागलीय."

संध्याकाळी तिच्या हातून बादली पडली तेव्हा फरशी हादरली आणि कुत्र्यानं मान वर केली. तिला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून हाक आली की ती नवऱ्याच्या डोक्यामागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून टाच आपटे. कुत्रा दचकून उठे आणि इकडेतिकडे बघत, सवयीनं खाटेकडे जाई. तीन दिवस हे खपून गेलं.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात आल्या. "काय हो, कवायत सुरू केलीत का? आमच्या डोक्यावर दिवसभर नुसतं धाडधाड!"

"नाही हो, बादली पडली."

"चार दिवस पडतेय होय एकच बादली?" त्या हसत हसत जिना उतरून गेल्या.

नवऱ्यानं सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं त्यानं हाक मारली, पण कुत्र्याकडे बघून नव्हे. उशीवर मान कशीबशी मागे वळवून तो तिच्या पायाकडे बघत होता. तिची टाच उचललेली होती. तिनं ती हळूच खाली ठेवली. कुत्रा झोपूनच राहिला.

ती खाटेशी येऊन बसली. "मीच काडी घातली आत," ती म्हणाली. "त्यांनी घालू नका म्हणून सांगितलं होतं."

त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं एकदाही हाक मारली नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. आवाज गेला नव्हता, खोकला आला की तो ऐकू यायचा. हाक मात्र त्यानं परत मारली नाही.