प्रत्येक पिशवीत सांभार

भंडाऱ्याच्या एका कॉलेजात एमएस्सीच्या मुलांना मी अकरा वर्षं डेटा मायनिंग शिकवतोय, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवायचं मी, आणि प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर ‘मार्गदर्शक’ म्हणून नाव छापायचं विभागप्रमुखांचं. प्रमुखांना हा विषय येत नाही, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे. मला हे झोंबतं, आणि झोंबलं की मी बोलतो. म्हणूनच अजून तासिका तत्त्वावर आहे.

विषयाचा पाया तसा सोपा. कोणत्या वस्तू एकत्र घेतल्या जातात, ते ढीगभर बिलांतून शोधायचं. पुस्तकात उदाहरण ब्रेड-बटरचं. ते सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास येतं, “सर, आमच्या गावात बटर कोन घेते?”

बरोबर आहे. म्हणून यंदा लाखांदूरकडच्या एका विद्यार्थिनीला म्हटलं, ठेव पुस्तक बाजूला. अड्याळच्या बाजारात उभी राहा आणि निघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय काय आहे ते लिहून आण.

पोरगी जिद्दी. चार बाजार उभी राहिली. काहींनी सरकारी माणूस समजून पिशव्या लपवल्या. एका बाईनं विचारलं, “घरकुलाची यादी करून राहिली का वं? माहं नाव लिही.” तरी तिनं वही भरून आणली.

तोंडी परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले. नोकरी पर्मनंट, पोटही पर्मनंट. त्यांनी तिचे निष्कर्ष वाचले. वांगी घेणारा सांभार घेतो. टमाटर घेणारा सांभार घेतो. मिरची घेणाराही घेतो. सगळीकडे शंभरातले शंभर. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्यांसाठी सांगतो.

“असा डेटा जगात नसतो,” परीक्षक म्हणाले. “हा घरी बसून बनवलाय. मी नापास करणार.”

तिच्या हातात नोकरीचं पत्र होतं, पास झाली तरच चालणारं. तिनं प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “खरं मार्गदर्शन सरांचंच.” अकरा वर्षांत पहिल्यांदा!

माझं डोकं फिरलं. “सर, तुम्ही शेवटची भाजी कधी आणली?”

“घरचे अ‍ॅपवरून मागवतात.”

“मग तुम्हाला काय कपाळ कळणार!”

प्रमुख खोकले. तेवढ्यात तीच म्हणाली, “सर, सांभार कोनी विकत घेत नाई. भाजीवर फुकट मागून घेतेत.”

भाव पाडून झाला की ‘टाक थोडा सांभार’ म्हणणं हा मी आयुष्यभर माझा हक्क समजत आलो. त्यामुळे फुकटचा माल वेगळा लिहायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पिशवीत काय आहे ते लिही म्हणालो, पैसे कशाचे दिले ते विचार म्हणालो नाही. पहिल्या धड्यातली चूक, आणि ती मास्तरची.

“चूक माझी आहे, तिची नाही,” मी म्हणालो.

“मग काढा तो सांभार, आणि आत्ता माझ्यासमोर प्रोग्राम परत चालवा.”

तिनं चालवला. सगळे भपकेबाज निष्कर्ष गळून पडले. एक मात्र टिकला: वांगी घेणारा बहुतेक वेळा सुकट घेतो.

“सुकट म्हणजे?”

“वाळलेले झिंगे, सर. वांग्यात टाकतेत.”

परीक्षकांनी कसं करतात तेही विचारलं. तिनं फोडणीपासून सांगितलं. ते दोनदा आवंढा गिळून म्हणाले, “साठ देतो.”

“सत्तर करा,” मी म्हणालो. “चूक माझी, तिचे कायले कापता?”

“बासष्ट.”

“अडुसष्ट. चार बाजार उन्हात उभी होती ती.”

“पासष्ट. आणि तुम्ही आता बोलू नका.”

मी आणखी ताणणार होतो. तिनं माझ्यापुढून गुणांचा कागद ओढून परीक्षकांसमोर ठेवला.

“सर, पास झाली मी,” ती मला हळूच म्हणाली. “आता भांडू नका. यांची सही होऊ द्या.”

सही झाली.