चेंडू धरून बसलेला माणूस: एमेट ड्रोगनच्या मागावर सेंदाईपर्यंत

निघण्याआधी जपानवरचे मराठी ब्लॉग वाचले आणि डोकं उठलं. सगळ्यांना तिथे एकच गोष्ट दिसते: शिस्त. गाडी वेळेवर येते, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, हरवलेलं पाकीट परत मिळतं, आणि शेवटी ‘आपल्याकडे हे कधी होणार’ असा एक सुस्कारा. एवढा खर्च करून, एवढ्या लांब जाऊन, लोक झाडलोट बघून येतात.

मी गेलो होतो एका मुलीला एक प्रश्न विचारायला. हे आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना साकुराचे फोटो हवेत त्यांनी इथूनच वळावं. मी नोव्हेंबरात गेलो, तेव्हा साकुरा नसतोच.

मुलीचं नाव सानिका. कॉलेजात आम्ही एकाच कोर्टवर बास्केटबॉल खेळायचो. मी तिसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग सोडलं आणि पुण्यात बाबांच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात बसायला लागलो. ती रीतसर पास झाली आणि सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायला गेली. मास्टर्स संपत आलं होतं. पुढची तीन वर्षं पीएचडीसाठी तिथेच राहायचं की परत यायचं, हे तिला डिसेंबरच्या आत प्रोफेसरांना कळवायचं होतं. तिने कळवायच्या आधी मला पोचायचं होतं. ‘परत ये, आपण लग्न करू’ हे फोनवर बोलायचं वाक्य नव्हे, असं मी स्वतःला बरेच महिने पटवत होतो.

सांगायला निमित्त होतं एमेट ड्रोगनचं.

हा कोण, असं विचाराल. विचारणारच. अमेरिकेतसुद्धा आता कोणी त्याला ओळखत नाही. सेंदाईला गेल्यावर सानिकाने तिथल्या एका जिममधल्या, म्हणजे खेळाच्या बंदिस्त हॉलमधल्या, भिंतीवरच्या जुन्या फोटोचा फोटो मला पाठवला होता. मधोमध एक ताडमाड गोरा, दोन्ही बाजूंना त्याच्या कोपरापर्यंत पोचणारे कारखान्यातले कामगार. खाली तिने लिहिलं होतं, ‘शोध बघू हा कोण.’ मी शोधला. जुनी कात्रणं, धुरकट फिल्मचे तुकडे, सगळं. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे ड्रोगन. मी काहीतरी खणून काढायचो, ती हसायची, फोन ठेवायचो. बाकी विषय आम्ही दोघांनी काढलाच नाही.

आणि जितकं खणलं तितका मला त्या माणसाचा राग यायला लागला. खाणकामगाराचा मुलगा. महायुद्धातून परत आला आणि व्यावसायिक संघात शिरला. व्यावसायिक म्हणजे आजचं डोळ्यांपुढे आणू नका. सामने नाचाच्या हॉलमध्ये, प्रवास रात्रभर रेल्वेने, कपडे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुवायचे, उन्हाळ्यात लाकडाच्या वखारीत नोकरी. ड्रोगनला उंच उडी येत नव्हती, नेमबाजीही बेताची. त्याला एकच येत होतं: चेंडू धरून ठेवणं. संघ एखाद-दुसऱ्या गुणाने पुढे गेला की कोच त्याला आत सोडायचा. तो कोपऱ्यात पाठ करून चेंडू गुडघ्याखाली टप-टप-टप आपटत राहायचा. तेव्हाच्या नियमात त्याला काही बंधन नव्हतं. समोरच्याने वैतागून धक्का दिला की फाउल. मग हा दोन पायांमधून दोन्ही हातांनी, विहिरीत बादली सोडावी तसा चेंडू वर फेकून फ्री थ्रो टाकायचा आणि सामना खिशात. लोक त्याला कुलूप म्हणायचे. प्रेक्षक नाणी फेकायचे, शिट्ट्या मारायचे, उठून घरी जायचे. एका कात्रणातल्या फोटोत पहिल्या रांगेतला गृहस्थ चक्क पेपर वाचतोय. आणि हा म्हणे त्या संघाचा सर्वांत भरवशाचा खेळाडू.

मग चोवीस सेकंदांचं घड्याळ आलं. चेंडू हातात आला की तेवढ्यात बास्केटकडे मारायचाच. कुलपाचं काम संपलं. एक मोसम बाकावर, एक मोसम त्याहून भिकार संघात, मग कोणीच घेईना. शेवटी एका दौऱ्यावरच्या संघाबरोबर अमेरिकन तळांवर प्रदर्शनी सामने खेळत तो जपानला आला आणि सेंदाईजवळच्या दोरखंडाच्या कारखान्याचा संघ शिकवायला राहिला. का राहिला? तिथल्या कारखान्यांच्या सामन्यांत ते घड्याळ अजून पोचलं नव्हतं, म्हणून. माझ्या मते पळपुटा.

तर प्रवास. मुंबईहून बँकॉकमार्गे गेलात तर तिकीट बरंच स्वस्त पडतं, बँकॉकला ताटकळायची तयारी ठेवा. टोकियोत मी हिगाशी-कसाईला माझ्या मावसबहिणीकडे, केतकीताईकडे उतरलो. भाडं म्हणून मावशीने दिवाळीचा फराळ आणि भाजणीचं पीठ भरून दिलं होतं, बॅगेत माझे दोन शर्ट कसेबसे मावले. त्या भागातल्या इमारतींत लिफ्टमध्ये मराठी ऐकू येतं आणि जिन्यात फोडणीचा वास येतो. एवढं पुणंच बघायचं तर मी विमानात कशाला बसलो, असं पहिल्या संध्याकाळी वाटलं. ताई सकाळी कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात काम करते. आल्यावर तिने आधी मला कचरा शिकवला. बाटली एका पिशवीत, बूच दुसऱ्या, लेबल तिसऱ्या. मी तिन्ही एकत्र टाकले, तर तिच्या पाच वर्षांच्या मुलीने मला जपानीत झापलं. ताईने भाषांतर करायला नकार दिला.

जिजूंना मी ड्रोगनबद्दल सांगितलं. ते ऑफिसच्या सवयीने त्याला ड्रोगन-सान म्हणायला लागले. ताईने मात्र चकलीचा डबा उघडता उघडताच विचारलं, “नचू, खरं सांग, बास्केटबॉल बघायला आलायस की सानिकाला?”

मी म्हटलं, दोन्ही.

“मग आधी तिला भेट. तो काय, मेलेला माणूस आहे. तो कुठे जात नाही.”

मी ऐकलं नाही. आधी टोकियोतल्याच कोतो भागात गेलो. ज्या हॉलमध्ये ड्रोगनचा दौऱ्यावरचा संघ खेळला होता, त्याचा पत्ता मी पुण्यातून काढून नेला होता. तिथे आता राखाडी रंगाची इमारत आहे आणि खाली सायकलींची रांग. मी तिचे फोटो काढतोय म्हटल्यावर मुलाला शाळेत सोडून येणाऱ्या एक मराठी काकू थांबल्या आणि फ्लॅट बघताय का म्हणाल्या. ही बाजू घेऊ नका, म्हणे, थंडीत ऊन येत नाही. ड्रोगनचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आसाकुसा, तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या फोटोतला रस्ता ओलांडायचा चौक. काय बघितलं विचाराल तर मला धड आठवत नाही. गर्दी होती. रोज जिजू विचारायचे, सेंदाईचं तिकीट काढलंस का. मी म्हणायचो, काढतो.

शेवटी शनिवारी निघालो. सेंदाईला शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दोन तासांच्या आत पोचता येतं. मी दिवसाची बस घेतली. निम्म्याहून कमी पैसे लागतात आणि वेळ तिपटीने, आणि मला त्या घडीला वेळच हवा होता. बसमध्ये बोलायचं नाही, फोन वाजू द्यायचा नाही, चिवडा आवाज न करता खायचा. चिवडा तसा खाऊन बघा एकदा.

सानिका स्टेशनबाहेर सायकल धरून उभी होती. केस कापलेत. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “नच्या, किती दिवस झाले तुला टोकियोत येऊन?”

मी सांगितलं.

“आणि मी रोज विचार करतेय की हा येतोय की जातोय.” एवढंच बोलून तिने माझी बॅग सायकलच्या बास्केटमध्ये टाकली. मावेना, तरी कोंबली.

तिने मला स्टेशनजवळच झुंदा खायला घातलं. कोवळ्या सोयाबीनचं गोड हिरवं वाटण, तांदळाच्या मऊ गोळ्यावर थापलेलं. पुरण चुकून शेतातच राहिलं तर असं लागेल. इकडचे लोक त्यावर जीव टाकतात. मी एक संपवला, तिने माझा दुसराही खाल्ला. विचारायला जागा उत्तम होती, माणसं नव्हती. मी विचारलं काय, तर ड्रोगनचा तो फोटो नक्की कुठे आहे.

“उद्या जिममध्ये ये,” ती म्हणाली. “खेळायचे बूट आणलेस ना? रस्त्यावरचे बूट आत चालत नाहीत.”

रविवारी सकाळी वॉर्डाच्या जिममध्ये गेलो. साठी-सत्तरीची माणसं, दोन-चार विद्यार्थी, आणि गुणांच्या टेबलाशी ओनोदेरा-सान. हे पंच्याऐंशीच्या आसपासचे. दोरखंडाच्या कारखान्यात कोवळ्या वयात लागले तेव्हा ड्रोगनने त्यांना शिकवलं, आणि पुढे त्यांनी या बाकीच्यांना. आता गुडघे चालत नाहीत, शिट्टी चालते. मी कमरेत वाकून नमस्कार केला. त्यांनी माझे बूट बघितले आणि मान डोलावली.

त्यांची तिथे एक पद्धत आहे, आणि तिच्यासाठी तरी सेंदाईला जा. तीन डाव नेहमीच्या नियमाने होतात. चौथ्या डावाला ओनोदेरा-सान उठतात आणि चोवीस सेकंदांच्या घड्याळाची पिन काढतात. याला ते ‘ड्रोगन-सानचा वेळ’ म्हणतात. जो संघ पुढे असेल त्याने खुशाल चेंडू धरावा. मागे असेल त्याने येऊन घ्यावा. घाई नाही, आरडाओरडा नाही, सत्तर वर्षांचा माणूस कोपऱ्यात चेंडू आपटत उभा आणि सगळे शांतपणे बघतायत. मला वाटलं, या लोकांनी बास्केटबॉलचं श्राद्ध घातलंय.

आमचा संघ एका गुणाने मागे होता. आणि पुढे असलेल्या समोरच्या संघाने चेंडू दिला सानिकाकडे.

ती कोपऱ्यात गेली, माझ्याकडे पाठ केली आणि गुडघ्याखाली चेंडू आपटायला लागली. हुबेहूब तसाच, त्या धुरकट फिल्ममधला. मी डावीकडून गेलो, तिने खांदा आणला. उजवीकडून गेलो, पाठ. कॉलेजात ती माझ्यासमोर चेंडू टिकवू शकत नव्हती. मी मराठीत ओरडलो, टाक ना, खेळ ना, हा काय खेळ आहे. ती म्हणाली, “घे की मग.” ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी सरळ अंगावर गेलो. ती धाडकन खाली बसली. शिट्टी.

मी हात पुढे केला, तिने तो धरला आणि उठली. मग रेषेवर जाऊन तिने दोन्ही हातांनी, पायांमधून, तसलेच दोन बादलीवाले फ्री थ्रो टाकले. दोन्ही आत. आम्ही हरलो.

खेळ झाल्यावर तिथे सगळे मिळून फरशी पुसतात, म्हाताऱ्यांसकट. मलाही पोछा मिळाला. पुसता पुसता मी सानिकाला म्हटलं, ओनोदेरा-सानना विचार, ड्रोगनला या असल्या खेळाची लाज नव्हती वाटत? तिने ते नक्कीच सभ्य करून विचारलं असणार. ती त्यांचं बोलणं मला सांगत गेली. आम्हीही विचारलं होतं, म्हणे. तो म्हणाला, चेंडू माझ्या हातात आहे हे सगळ्यांना दिसतंय. ज्याला हवा त्याने यावं. बहुतेक जण येत नाहीत, लांब उभे राहून शिव्या देतात.

मग ओनोदेरा-सान माझ्याकडे बघून आणखी काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. ते मात्र सानिकाने सांगायला वेळ घेतला.

“म्हणाले, हा आला. फाउल केला, पण आला.”

जिमबाहेर थंडी होती. ती सायकल ढकलत होती, मी पलीकडून चालत होतो. नदीच्या पुलावर मी विचारलं. पाठ केलेलं एक अक्षरही आठवलं नाही. म्हटलं, पीएचडी घेऊ नकोस, परत ये, माझ्याशी लग्न कर.

ती थांबली. सायकलचा स्टँड लावला. घाईत नव्हती, आणि मला कळलं की हे उत्तर तिच्याकडे कधीचं तयार आहे.

“मी प्रोफेसरांना मागच्याच आठवड्यात हो सांगितलं.”

मी म्हटलं, मग तीन वर्षं थांबतो.

“थांबशील, मला माहितेय. दुकानात बसून थांबशील. तेच नकोय मला, नच्या. माझ्यासाठी कोणी कुठेतरी थांबलंय हे ओझं घेऊन मला रोज लॅबमध्ये जायचं नाही. तीन वर्षं असतील नाहीतर तीस, माझं उत्तर नाही असंच आहे.”

“मग इतके दिवस बोललीस का नाहीस?”

“तू विचारलंस कधी? तू ड्रोगनबद्दल विचारायचास. मी ड्रोगनबद्दल सांगायचे.” तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र साफ होता. “मला पण ते सोपं होतं. ते माझं चुकलं.”

परतीची बस दुपारची होती. तिने मला थांब्यापर्यंत सोडलं आणि बसने वळण घेईपर्यंत उभी राहिली. इथे ब्लॉगवाले जपानी लोक कसे गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवतात असं लिहितात. ती हात हलवत नव्हती. नुसती उभी होती.

पुण्याला येऊन तीन आठवडे झाले. बाबांनी विचारलं, तिकडे बॅडमिंटनची शटल काय भावाने मिळतात. मला माहीत नव्हतं. आईने विचारलं, ताईचं घर कसं आहे. मला तेही नीट सांगता आलं नाही. ड्रोगनबद्दलचं माझं मत फारसं बदललेलं नाही. त्याचा खेळ रटाळच होता, आणि घड्याळ आलं ते बरंच झालं. फक्त त्याला पळपुटा म्हटलं ते मी मागे घेतो. तो सगळ्यांच्या समोर, शिव्या खात, चेंडू हातात घेऊन उभा राहायचा. मी मात्र वर्षानुवर्षं पुण्यात बसून लांबून शिट्ट्या मारल्या.

तर ज्यांना कोणासाठी जपानला जायचंय त्यांना माझा एवढाच सल्ला: बस घेऊ नका, पहिली शिंकान्सेन पकडा, पोचल्या पोचल्या विचारा आणि उत्तर घ्या. मग हवं तर देश बघा. तोंडात प्रश्न धरून देश दिसत नाही. मी आठवडाभर टोकियोत होतो. ते शहर छान आहे असं म्हणतात.