शेजारच्या पडवीतले बेल्ट

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर. बारावीनंतर शिपाई म्हणून भरती झालो, खात्याच्या परीक्षा देत देत निरीक्षक झालो. आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि वर्गातली मुले मला काका म्हणतात. आयुष्यभर पंचनामे आणि जबाब लिहिले, पण त्यात स्वतःचे मन लिहायचे नसते. हे कितपत जमेल, सांगता येत नाही. आमच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "नोकरीतली अशी एखादी गोष्ट लिहा, की जी अजून तुमच्या मनातून गेलेली नाही." मला लगेच ती मासळीची पाटी आठवली.

रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर तेव्हा करमणुकीचे मोठे उद्यान तयार होत होते. एरवी त्या कातळावर गुरांशिवाय कोणी फिरकत नसे. तिथे पोलादी रोलर कोस्टर उभा राहू लागला. देशातला सर्वांत उंच होणार, असा फलक फाट्यावर लागला होता. वळणदार रुळांचे तुकडे लांबलचक ट्रेलरवरून घाट उतरून येत, तेव्हा बंदोबस्ताला आमचीच माणसे असत. निळे खांब खाडीतूनसुद्धा दिसायचे. होडीवाले थट्टा करायचे, "आता बंदरावरची बत्ती कशाला पायजे? याच्यावरच कंदील टांगा."

एके दिवशी तिथला सुरक्षा अधिकारी तक्रारी अर्ज घेऊन ठाण्यात आला. पुण्याकडचा तरुण, बोलताना सारखा घाम पुसत होता. उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा सेफ्टी बेल्ट असतो. बेल्ट नसेल तर वर चढायचे नाही, असा तिथला नियम. बेल्ट चोरीला जात होते, पण एकाच मुलाचे. नवा दिला की तोही नाहीसा.

"बाकीच्यांच्या बेल्टना कोणी हात लावत नाही, साहेब. माथ्यावरचा शेवटचा तुकडा बसवायचा आहे आणि जोडकामात या मुलाचा हात धरणारा दुसरा नाही. कोणीतरी काम बंद पाडायला बघतंय. किंवा हा स्वतःच काहीतरी करतोय. मालक म्हणतात, त्याला काढून टाका."

ठाणे डायरीला नोंद घेऊन प्राथमिक चौकशी सुरू केली. मुलाला बोलावले. किनाऱ्यावरच्या वाडीतला, पंचविशीच्या आतला, हाताला घट्टे. प्रश्न विचारला की तो खाली फरशीकडे बघायचा.

"कोणावर संशय?"

"नाय."

"कोणाशी भांडण?"

"नाय, साहेब."

"नोकरी जाईल तुझी. कळतंय का?"

"कळतंय."

खोटे बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा काहीच बोलत नव्हता. कोणाला तरी पाठीशी घालणारा माणूस असा गप्प असतो. मी तसे आमच्या महिला हवालदारांना सांगितले. त्या बुरोंडीच्या, जिभेने तिखट. म्हणाल्या, "पोरगी असेल, साहेब. या वयात दुसरं कोणाला पाठीशी घालतात?"

खबर मिळाली ती उद्यानाच्या स्वयंपाकघरातून. तिथला आचारी चहा देता देता सहज बोलून गेला, "मासेवाली मावशी बांगडे देऊन जाते, पण तिची पाटी जाताना पण तेवढीच जड. उचलून द्यायला आमचाच पोर लागतो. माझे बांगडे परत नेते की काय, कोण जाणे!"

स्वयंपाकघराला लागूनच बेल्ट ठेवायची खोली होती. त्या मुलाच्या नावाची खुंटी बघितली. खुंटीखालच्या पत्र्यावर माशांचे खवले चिकटून वाळले होते. हवालदार वास घेऊन म्हणाल्या, "बांगडाच." मग थोडे थांबून, "पोरगी नाय, साहेब. आवस आहे."

मासेवालीची चौकशी केली तर खरेच ती त्या मुलाची आई निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ठाण्यात आणले. काटक बाई, केसांत अबोलीचा गजरा. पाटी बाहेर ठेवायला तयार होईना. "मांजर लागंल, सायब. तुमच्या पोलिसांचं काय, ते मांजराला पण सलाम करतील." शेवटी पाटी माझ्या टेबलाखाली ठेवली.

"मावशी, बेल्ट तुम्ही चोरलेत?"

"मी कशाला चोरू? मी ठेवले."

"कुठे?"

"शेजारणीच्या पडवीत. वल्ह्याच्या बाजूला टांगलेत. जाऊन बगा. एकालाही धूळ लागू दिली नाय."

मला काही उमगेना. मग तिने सांगितले. त्यांच्या वाडीत कोणाला दर्यावर जाऊ द्यायचे नसले, तर त्याच्याशी भांडत बसत नाहीत. घरची बाई त्याचे वल्हे उचलते आणि शेजारच्या पडवीत नेऊन ठेवते. मग तो माणूस समजून जातो. ते वल्हे तो स्वतः आणत नाही, शेजारीही देत नाही. ठेवणारीने आपल्या हाताने परत आणून उंबऱ्यावर ठेवले, तरच त्याने जायचे.

"याचा बापूस तुफानात गेला. होडीसुदीक गावली नाय. तवा मी याचं वल्हं ठेवलं. म्हटलं, जमिनीवर काम कर. तर हा मेला आभाळात चढला! मला सांगितलंन, कॅन्टीनात हाय म्हणून. मी मासे घेऊन आले नि वर बघितलं, तर हा कावळ्यासारखा बसलेला."

"त्याला बोललात का?"

"बोलायचं काय त्यात? बेल्ट ठेवला. त्याला समजलं."

समजले होतेच. म्हणून तर पोरगा नोकरी घालवायला तयार होता, पण आईचे नाव घेत नव्हता.

"मावशी, बेल्ट परत द्या."

"नाय देणार. घाला मला आत."

तेवढ्यात उद्यानावर पाठवलेल्या हवालदारांचा फोन आला. शेवटचा तुकडा क्रेनला लागला होता आणि घाईत मुकादमाने त्या मुलाला दुसऱ्या कोणाचा तरी बेल्ट बांधून वर चढवले होते. तो त्याला ढगळ होत होता. मी सुरक्षा अधिकाऱ्याला फोन करून काम थांबवायला सांगितले आणि फोन ठेवून मावशींना सगळे तसेच सांगितले.

त्यांनी टेबलाखालची पाटी ओढून घेतली. अबोलीचा गजरा सैल होऊन खांद्यावर आला, तोही त्यांनी नीट केला नाही. मग म्हणाल्या, "आदी वाडीत चला, सायब. मग सड्यावर."

शेजारणीच्या पडवीत बेल्ट ओळीने टांगलेले होते, खाऱ्या हवेने बकल गंजू नये म्हणून खोबरेल लावलेले. त्यातला एक घेऊन आम्ही सड्यावर गेलो. मुलाला खाली उतरवले होते. तो आईसमोर मान खाली घालून उभा राहिला. अधिकारी, मुकादम, कामगार, सगळे बघत होते. मावशींनी बेल्ट त्याच्या पायांशी ठेवला.

"उंबरा नाय हितं," त्या म्हणाल्या. "हितंच ठेवते."

मग सुरक्षा अधिकाऱ्याकडे वळून, "बांधायचा कसा, ते मला दाखवा. सगळं दाखवा." त्याने प्रत्येक पट्टा, प्रत्येक आकडा समजावून सांगितला. मावशींनी सगळे स्वतः ओढून बघितले. "आई, आवळतंय," मुलगा पुटपुटला. "आवळू दे," त्या म्हणाल्या. तो माथ्यावर जाईपर्यंत त्या वर बघत राहिल्या, आणि तुकडा बसल्यावर पाटी उचलून बाजाराला गेल्या.

लबाडीचा हेतू नसल्याने गुन्हा दाखल केला नाही. जबाब नोंदवला, वस्तू परत केल्या, अर्ज निकाली काढला. मुलाची नोकरी राहिली. पुढे प्रत्येक चोरीच्या तक्रारीत मी एक प्रश्न जास्तीचा विचारू लागलो, वस्तू गेल्यामुळे नेमके काय थांबले? पुष्कळदा त्यातून चोर सापडला. कधी कधी चोर नव्हताच, नुसता कोणाचा तरी जीव कासावीस झालेला असायचा.

परवानग्यांत रखडलेला कोस्टर सुरू झाला तेव्हा मी निवृत्त होऊन मंडणगडला शेतीकडे गेलो होतो. त्यात बसायला काही मी गेलो नाही, माझे डोके गरगरते. मग कॉलेजसाठी पुन्हा रत्नागिरीत आलो. मागच्या आठवड्यात त्याच हवालदार बाजारात भेटल्या. त्या मुलाला दुसऱ्या राज्यात, याहूनही उंच कोस्टरवर काम मिळाले होते. तो आईला कसे सांगावे या विवंचनेत होता आणि त्याचा बेल्ट आधीच घरातून नाहीसा झाला होता.

"पुन्हा शेजारी?" मी विचारले.

"शेजारीच, साहेब. बरेच दिवस होता. पण परवा पहाटे तो उठला तर बेल्ट उंबऱ्यावर. मावशीनं खोबरेल लावून ठेवलान."