पर्ल हार्बरची तारीख

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांचा गणवेश निळा होता आणि दक्षिणेच्यांचा करडा, हे मी आजही सांगू शकते. आमच्या निमगाव सावा गावात हे कुणी विचारत नाही. इथं कांद्याचा भाव विचारतात, दुधाचं फॅट विचारतात, फार तर पोरीला स्थळ बघताय का म्हणून विचारतात. पण एक वर्ष असं गेलं की असल्या उत्तरांवर माझ्या नवऱ्याचा आवाज कानावर पडणार की नाही ते ठरत होतं.

अमेरिकेनं इराकवर हल्ला केला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आमचे हे हायवेवरच्या एका हॉटेलात आचारी होते. एका एजंटानं त्यांना कुवेतला नोकरी लावली आणि तिथं पोचल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीनं त्यांना उचलून इराकमधल्या अमेरिकन छावणीच्या भटारखान्यात नेलं. हे त्यांनी फोनवर आधी मामांना सांगितलं, मग मला. मामा म्हणजे माझे सासरे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, मात्र काही सांगायचं नाही असं ठरलं. त्यांना ब्लडप्रेशर होतं. आत्यांच्या लेखी त्यांचा लेक कुवेतच्या एसी हॉटेलात होता, आणि त्या एसीचं कौतुक त्या विहारात येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवत. मी शेजारी बसून मान हलवायचे.

फोन आम्ही यांच्यासाठीच घेतला होता. तो पुढच्या खोलीत, आणि मामांची खुर्ची त्याला लागून. फोन वाजला की मामा उचलणार, "जय भीम" म्हणणार, चार शब्द बोलणार आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन तिथंच बसून राहणार. स्वयंपाकघराच्या दारात आत्या. आता अशा वेळी बाईनं बोलायचं काय? "जेवलात का" आणि "तब्येत बरी हाय ना" एवढ्यात माझं भांडवल संपायचं. तुमची आठवण येते, असं सासऱ्यांच्या देखत नवऱ्याला म्हणणारी सून आमच्या गावात अजून यायची होती. रिसीव्हर ठेवला की मी गोठ्यात जाऊन शेणाच्या पाटीवर राग काढायचे.

अशात त्यांनी क्विझचं सांगितलं. छावणीत दर आठवड्याला जेवणाच्या हॉलमध्ये सैनिकांची प्रश्नमंजुषा व्हायची. विषय एकच, अमेरिकेच्या लढाया. जिंकणाऱ्या टेबलाला बक्षीस म्हणून घरी फोन करायची कार्डं मिळायची. एका टेबलावर माणूस कमी पडत होता, तर तिथल्या एका जाड्या सैनिकानं यांनाच ओढून बसवलं. यांच्या हातची डाळ त्याला आवडायची म्हणे.

"मला काय येतंय त्यातलं?" हे म्हणाले. "तू बी. ए. झालीस ना इतिहास घिऊन. बघ की जरा."

मी इतिहास घेऊन बी. ए. झाले होते हे खरं, पण मंचरच्या कॉलेजात आम्हाला अमेरिका शेवटच्या दोन धड्यांत उरकून दिली होती. तरी मी हो म्हटलं. नाही म्हणून कसं चाललं असतं? पगारातून कार्ड घ्यायचं तर महिना-महिना वाट बघावी लागायची. जिंकले तर आठवड्याला आवाज ऐकायला मिळणार होता.

मग माझी शाळा सुरू झाली. हे पुढच्या वेळचा विषय सांगायचे, मी जीपनं नारायणगावला जायचे आणि सायबर कॅफेत बसून वाचायचे. तिथली पोरं नोकरीचे अर्ज भरायची आणि मी तोफा बघायचे. घरी आले की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे आणि मामा माझी परीक्षा घ्यायचे. चष्मा लावून, छाती काढून, जणू माझी भरतीच चालली आहे.

"नाताळच्या रातीला नदी कोणती वलांडली?"

"डेलावेअर."

"बर्फातनं?"

"हो. बर्फाचे तुकडे वाहत होते."

"आमच्यातला कोण थंडीत कुकडी नदीत उतरंना झालाय," मामा म्हणायचे, आणि मग स्वातंत्र्याच्या लढाईतल्या त्या अमेरिकन सेनापतीनं होड्या कशा लावायला हव्या होत्या, याच्यावर त्यांचं अर्धा तास व्याख्यान. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौज उतरवायची जागा त्यांना अजिबात पसंत नव्हती. ओमाहा नावाचा किनारा ऐकला की ते नाक मुरडायचे. आत्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, "हॉटेलात कामाला ह्ये लागतंय व्हय?" मामा शांतपणे सांगायचे, "गिऱ्हाईक अमेरिकन हायेत. त्यांच्याशी बोलाया लागतं."

फोनवरही मग बोलायला विषय आला. मी सांगायचे, हे घोकायचे, मामा शेजारून चूक काढायचे. लग्न झाल्यापासून आम्ही एवढं बोललो नसू. एकदा जखमी सैनिकांना मिळणाऱ्या पदकाचं, पर्पल हार्टचं, सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, "ते आचाऱ्यालाबी देत्यात का?" मग हे म्हणाले, "न्हाई. आमी त्यांचे सैनिक न्हाई." मामांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर फिरवली. त्या दिवसापासून टीव्हीवर बातम्या लागल्या की माझे हात जागच्या जागी थांबायला लागले.

त्या आठवड्याचा विषय दुसरं महायुद्ध होता. पर्ल हार्बरवर जपाननं हल्ला कधी केला, हा प्रश्न हमखास येणार असं यांना जाड्यानं सांगितलं होतं. मी कॅफेत पान उघडलं, तारीख आकड्यांत लिहिली होती, बारा सात एकेचाळीस. मी घरी येऊन उतरवली आणि फोनवर सांगितली, बारा जुलै. यांनी दोनदा म्हणून पाठ केली. मामांनीही मान डोलावली. पावसाळ्यात हल्ला केला म्हणजे जपानी हुशार, एवढं म्हणाले.

क्विझचा दिवस गेला. फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिंदी बातम्यांत खाली पट्टी सरकली, इराकमध्ये अमेरिकन छावणीवर रॉकेट पडलं, काही जण ठार. छावणीचं नाव आलं की नाही ते मला वाचता आलं नाही, कारण मामांनी उठून क्रिकेट लावलं. आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फोन वाजला की हातातलं सांडायचं आणि पलीकडं दूध डेअरीवाला असायचा. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते तसं नसतंच मुळी. टांगलेलं काहीतरी हलतं तरी. माझं सगळं गोठलं होतं. आत्यांसमोर हसायचं, गाईला पाणी दाखवायचं, आणि डोक्यात एकच. फोन का नाही आला? एक तर हे राहिले नाहीत, नाही तर हे हरले. तिसरं कारण मला सुचत नव्हतं.

आणि मग माझ्या मनात एक वेडी आशा उगवली. हरले असतील तर? माझंच उत्तर चुकलं असेल तर? मी सकाळची जीप धरली आणि नारायणगावला गेले. जन्मात कुणी परीक्षेनंतर आपलं उत्तर चुकलेलं असू दे म्हणून हात जोडले नसतील. मी जोडले. दुसरं एक पान उघडलं. तिथं अक्षरात लिहिलं होतं, सात डिसेंबर. मी पुन्हा वाचलं. अमेरिकन लोक महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. त्यांचं बारा-सात म्हणजे आपलं सात-बारा.

मी तिथंच तोंडावर पदर घेऊन रडले. कॅफेवाला घाबरला, ताई, काही वाईट बातमी का म्हणाला. मी म्हटलं, नाही भाऊ, माझं चुकलंय.

घरी येऊन मामांना गोठ्याकडं बोलावून सांगितलं. तारीख चुकली, म्हणून हरले, म्हणून फोन नाही. मामांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आसंच आसंल. सात-बारा, आन् शेतकऱ्याच्या लेकीला आठवंना? जमिनीचा उतारा हाय म्हटलं असतं तरी ध्यानात राहिलं असतं." त्यांनी थट्टा केली म्हणजे खरंच तसं असणार, असं मी धरून चालले. माझा जीव भांड्यात पडला. त्या रात्री मी पडल्या पडल्या झोपले. दुसऱ्या दिवशी भाकरीही एक जास्त खाल्ली. आत्या म्हणाल्या, आता कशी माणसांत आलीस.

फोन आला तो भरदुपारी. मामांनी "जय भीम" म्हटलं, डोळे मिटले आणि रिसीव्हर माझ्याकडं दिला.

"माझी तारीख चुकली ना ओ?" मी आधी तेच विचारलं. "रागावले का सगळे?"

"कसली तारीख?"

"पर्ल हार्बरची. क्विझमधली."

"क्विझ झालीच न्हाई," हे म्हणाले. "त्याच दुपारी हॉलवर रॉकेट पडलं. मी माघारी भांड्यांकडं व्हतो. म्हणून." मग थांबून म्हणाले, "त्यो जाड्या गेला. त्याच्या दोस्तानं त्याचं कार्ड मला दिलं. गेले त्यांच्या घरी कळंपतूर सगळ्यांचे फोन बंद ठिवले व्हते."

म्हणजे मी झोपले, खाल्लं, हसले, ते सगळं एका न विचारलेल्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरावर. मला काय झालं कळलं नाही. मामा शेजारी होते, आत्या दारात होत्या, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "मला न्हाई ऱ्हावत तुमच्याबिगर. या घरी." पलीकडून आवाज आला, "पासपोर्ट कंपनीकडं हाय. बघतो." आणि कार्ड संपलं.

हे आले, पण करार संपल्यावर. तोवर आणखी किती विषय झाले, किती लढाया मी पाठ केल्या, ते आता सांगत बसत नाही.

फोन आला त्या दुपारी आत्यांनी विचारलं, हॉटेल बरं चाललंय ना, आणि मामांनी चाललंय म्हणून सांगितलं. ते अंगणात गेले, तशी मी मागोमाग गेले. आवाज खाली ठेवून विचारलं, "मामा, तुमाला ठावं व्हतं?"

"पलटणीत कुणी गेलं की आमची पत्रंबी अडवायचे, त्याच्या घरी तार जाईपतूर," मामा म्हणाले. "बातमी बघितली तवाच समजलं, फोन का न्हाई त्ये. आपला गेला का ऱ्हायला, तेवढं समजंना."

मला संताप आला. "मग मला का न्हाई सांगितलं?"

"तारीख चुकली म्हणून तू झोपाया लागली व्हतीस," ते म्हणाले. "म्हटलं, झोपू द्यावं."

मला पुढं बोलायचं होतं, पण मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. फौजेतून आल्यापासून हा माणूस एक सकाळ दाढी केल्याशिवाय राहिला नव्हता. आता गालावर पांढरे खुंट चांगलेच वाढले होते, आणि एवढे दिवस त्यांच्यासमोर बसून जेवताना मला ते दिसले नव्हते.