पिस्तुलाला खोबरेल तेल

एक तपास माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि त्याची कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंद नाही. महाराष्ट्र पोलिसात बरीच वर्षं काढून मी निरीक्षक म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि यजमानांच्या नोकरीमागे जर्मनीत, एर्लांगेनला आले. हे प्रकरण त्यानंतरचं. नाव मी कुणाचंच देणार नाही. ज्याला गुन्हेगार म्हणावं असं यात कुणी नव्हतं.

यजमान कारखान्यांत यंत्रं बसवायला देशोदेशी फिरतात. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, की काही दिवशी संध्याकाळपर्यंत मी एक शब्दही मोठ्याने बोललेली नसते. रडत बसायचा स्वभाव नाही. गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात जाऊन नाव घातलं. हत्याराची सवय होती, आणि तिथे बोलायची सक्तीही नव्हती. दर गुरुवारी संध्याकाळी सात-आठ माणसं एका ओळीत उभी राहून कागदाला भोकं पाडतात आणि घरी जातात.

त्या ओळीत आणखी एक मराठी माणूस निघाला. इचलकरंजीचा मेकॅनिकल इंजिनिअर, पंचेचाळिशीचा, डोक्यावर एक केस नाही. बायकोपासून वेगळा झालेला. वर्षभर क्लबाच्या पिस्तुलावर हात बसवला, परीक्षा दिली, परवाना मिळवला आणि स्वतःचं पिस्तूल घ्यायची वेळ आली तेव्हा मला दुकानात घेऊन गेला.

दुकानात त्याने काचेतलं सर्वांत महाग मॉडेल काढायला लावलं.

"मॅडम, हे बघा. मोठ्या स्पर्धांत हेच असतं."

"तुम्ही मोठ्या स्पर्धेला चाललात का?"

"तसं नाही, पण एकदाच घ्यायचं तर..."

"मग खाली ठेवा. काचेवर बोटं उमटतात."

दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण पिस्तूल परत काचेत ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर सगळं कळल्याचं दिसत होतं.

शेवटी क्लबातल्याच एका वारलेल्या सभासदाचं जुनं, पॉइंट टू टू बोअरच्या छोट्या गोळीचं पिस्तूल घेतलं. माझा सल्ला नवशिक्याला आजही तोच आहे. आधी मूठ बघा. हात बसला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. मग चाप दाबून बघा, तो खरखरता कामा नये. दोन मॅगझीन तरी मिळतायत का बघा. आणि दोन-तीन प्रकारच्या गोळ्या झाडून बघा, कारण या छोट्या गोळीच्या बाबतीत प्रत्येक पिस्तुलाच्या खाण्यापिण्याच्या आवडी वेगळ्या असतात. तिची बारूद पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. पिनेचा ठोसा त्या कडेवर जोरात बसला तरच गोळी उडते. जरा हळू बसला की नुसता टक् असा आवाज. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवावी, पुढचं प्रकरण त्यावरच उभं आहे.

नोकरीत हत्यार कधी आपलं नसतं. ड्युटीला निघताना शस्त्रागारातून घ्यायचं, सही करायची, आल्यावर गोळ्या मोजून परत द्यायचं. इथे ते तुमच्या घरी राहायला येतं. भिंतीला ठोकलेली पोलादी तिजोरी लागते. क्लबाला नेताना रिकामं करून कुलूपबंद पेटीतून न्यायचं, वाटेत भाजी घ्यायला थांबायचं नाही. आणि मुख्य म्हणजे तिजोरी तुमच्याखेरीज कुणाला उघडता येता कामा नये. बायकोला नाही, आईला नाही. सरकारी माणूस न सांगता तपासायला येऊ शकतो. तिजोरीचा नंबर दुसऱ्याला ठाऊक आहे असं दिसलं, की माणूस बेभरवशाचा ठरतो आणि परवाना जातो. इंजिनिअरचं बाकी आयुष्य मला दिसत होतं. ऑफिस, घर आणि गुरुवार. परवाना गेला असता तर गुरुवार गेला असता.

ऑक्टोबर संपत आला होता. इंजिनिअरचं पिस्तूल अडायला लागलं. पाचांतल्या दोन गोळ्या उडत नव्हत्या. त्याने गोळ्यांना दोष दिला, थंडीला दिला, गोळ्या विकणाऱ्या दुकानदाराला दिला.

रेंजवर देखरेखीला एक म्हातारी जर्मन बाई असते. काटेकोर आहे. तिच्यासमोर बंदुकीची नळी चुकून जरी इकडेतिकडे वळली तरी ती अख्खी रेंज थांबवते. तिने मला बाजूला घेतलं.

"आल्झो, बरं, तुमचा मित्र सुट्टीवर जाऊन आला का?"

"नाही. का?"

"त्याच्या पिस्तुलाला समुद्रकिनाऱ्याचा वास येतो. उन्हात पडताना अंगाला लावतात ना, त्या मलमाचा."

खबर म्हणावी तर ही एवढीच. मी जाऊन पिस्तूल उघडलं. बोल्टच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या खाचेत पांढरट, मेणासारखं काहीतरी थिजलं होतं. नाकाशी नेलं आणि ओळखलं. पुण्यात डिसेंबरात ज्याची बाटली उन्हात ठेवावी लागते, ते खोबरेल. रेंजवरच्या गारठ्यात ते पिनेच्या वाटेत गोठलं होतं आणि ठोसा हळू पडत होता.

"खोबरेल तुम्ही लावलंत?"

"मी?" त्याने टकलावरून हात फिरवला. "मी कशाला आणीन हो खोबरेल?"

खुलासा पटण्यासारखा होता. "घरात कोण असतं?"

"आई आलीये ना, ऑगस्टपासून. पण ती तिजोरीकडे फिरकत पण नाही. आणि नंबर मी कोणालाच सांगितलेला नाही. तिच्या हाताचं तेल कधीतरी माझ्या हाताला लागलं असेल."

हाताला लागलेलं तेल पिनेच्या वाटेत जात नाही. पण पहिल्याच उत्तराला कात्रीत धरायचं नाही, ही जुनी सवय. तिथेच बसून आम्ही पिस्तूल पूर्ण खोललं, पुसून कोरडं केलं, माझ्याजवळचं बंदुकीचं तेल लावलं. साक्षीला मी स्वतः होते. पुढच्या गुरुवारी त्याने पेटी उघडली तेव्हा मी वास घेतला. पुन्हा खोबरेल.

देखरेखीची बाई लांबून बघत होती. तिला विचारावं लागलंच नाही.

"दुसऱ्या कुणाचा हात तिजोरीत जातोय," ती म्हणाली. "मला अध्यक्षांना सांगावं लागेल, आणि त्यांना सरकारी ऑफिसला. रविवारी मीटिंग आहे. तोवर त्याने स्वतःहून सांगितलं तर बरं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले. तिच्या जागी मी असते तर एवढी मुदतही दिली नसती.

शनिवारी दुपारी मी त्याच्या घरी गेले. दार आईंनी उघडलं. पंच्याहत्तरीच्या, बुटक्या, नऊवारीवर मुलाचं जाड स्वेटर. चपला काढायच्या आत त्यांनी माझं माहेर, सासर आणि गुडघे, तिन्हींची चौकशी केली. दोन साक्षीदार एका खोलीत ठेवायचे नसतात, म्हणून मी इंजिनिअरला दूध आणायला पाठवलं. दूध घरात होतं. त्याला ते कळलं, तो गेला.

"काकू, पिस्तुलाला खोबरेल कोण लावतं?"

त्या दचकल्या नाहीत. "मीच की. का हो, चालत नाही?"

"तिजोरी कशी उघडली?"

"ते काय अवघड आहे? ह्यांच्या स्कूटरचा नंबर घातलाय त्यानं. सगळी इचलकरंजी ओळखायची ती स्कूटर. पहिला तोच घालून बघितला."

पासवर्ड चोरणारी पोरं मी पकडली आहेत, पण एवढा सरळ कबुलीजबाब कुणी दिला नव्हता. कुलपाच्या नंबरात बापाची स्कूटर घालणारा मुलगा आणि ती पहिल्याच फटक्यात ओळखणारी आई, यावर कुठल्या जर्मन तिजोरीचा इलाज चालणार?

"उघडलीत कशाला?"

"खंडेनवमी होती. आमचा लेथचा कारखाना होता. पान्यापासून पट्टीपर्यंत सगळं पाटावर यायचं. इथं काय, त्याचा लॅपटॉप, माझी विळी आणि ते. शिवणयंत्राचं तेल मिळालं नाही, मग खोबरेल लावलं. हळदकुंकू लावलं, मग पुसून परत ठेवलं जागच्या जागी. देवाचं केलं, त्यात चुकलं काय?"

उत्तर सरळ होतं आणि खरं होतं. नोकरीत असते तर जबाब इथेच लिहून घेतला असता. पण खंडेनवमी कधीच होऊन गेली होती, आणि पिस्तूल मी मागच्या आठवड्यात पुसलं होतं.

"काकू, हे तेल या आठवड्यातलं आहे."

त्या गप्प बसल्या. मीही बसले. चौकशीत सगळ्यात उपयोगी पडते ती शांतता, पण त्या घरात ती आधीपासूनच इतकी भरून होती, की मला वेगळी काही करावी लागली नाही. खाली रस्त्यावरून बस गेली. भांड्यांच्या रॅकमध्ये एक ताट आणि दोन कप होते.

"रोज काढते," शेवटी त्या म्हणाल्या. अहो-जाहो गेलं आणि अगं आलं. "तो ऑफिसला गेला की. अगं, संध्याकाळी घरी येतो, जेवतो, आणि ते हातात घेऊन भिंतीसमोर उभा राहतो. गोळी नसते म्हणे त्यात, प्लॅस्टिकची काहीतरी घालतो. उभाच राहतो. मी मागं बसलेली असते. कधी बोलायला गेले की म्हणतो, आई, श्वास मोजतोय. ह्या घरात तो रोज हात लावतो अशी ती एक वस्तू. मग मी पण लावते. पुसते, तेल लावते, ठेवून देते. मला सोडून तो कशाकडं जातो, बघावं म्हटलं."

मी बाजूला बघितलं. मग कामाचं बोलले. यामुळे मुलाचा परवाना जाऊ शकतो, हे त्यांना सरळ सांगितलं.

"पोलिसात देतील त्याला?"

"नाही. पिस्तूल काढून घेतील."

"आणि तो क्लब?"

"बहुतेक तोही सुटेल."

त्यांनी माझं मनगट धरलं. "मग तू सांगू नकोस कुणाला. मी नाही हात लावणार आता. त्याला पण सांगू नकोस. इथं त्याला कोण आहे गं दुसरं?"

देखरेखीच्या बाईजवळ नुसता संशय होता. नंबर बदलला असता, तेल पुसलं असतं, तर कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. काकूंचा शब्द पक्का होता, हे मी त्यांच्या हातावरून सांगू शकत होते. पण तपास करणाऱ्याने पुरावा पुसायचा नसतो, आणि घरात हत्यार असताना तर मुळीच नाही. मी नाही म्हणाले. त्यांनी हात सोडला.

इंजिनिअर दुधाची पिशवी घेऊन आला तेव्हा त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. तो आधी चिडला. "आई, तुला कळतंय का काय केलंस? माझी वर्षभराची मेहनत आहे ती!" मग त्याने नंबराचं विचारलं, आणि स्कूटर ऐकल्यावर खाली बसला. दूध मांडीवरच होतं.

"किती वेळा?"

"रोज," आई म्हणाल्या. "तुझ्यासारखंच."

त्याने दूध बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने उठून त्याने तिजोरी उघडली आणि पिस्तूल माझ्या हवाली केलं. माझ्याकडेही परवाना आणि तिजोरी होती, आणि एका परवानाधारकाने दुसऱ्याकडे काही दिवस ठेवायला दिलेलं कायद्याला चालतं. तसं दोन ओळींचं लिहून घेऊन पेटी कुलूपबंद करून मी निघाले. जिन्यापर्यंत दोघांतलं कुणी बोललेलं मला ऐकू आलं नाही.

रविवारच्या मीटिंगआधी त्याने क्लबाला सांगितलं आणि सोमवारी सरकारी ऑफिसला. तिथल्या अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, खंडेनवमी म्हणजे काय तेही विचारलं, आणि परवाना रद्द करण्याची कारवाई सुरू होईल असं सांगितलं. इंजिनिअरने त्याआधीच परवाना परत केला. पुढे रीतसर नोंद होऊन पिस्तूल माझ्या नावावर आलं. पिनेची वाट स्वच्छ करायला मला एक अख्खी दुपार लागली.

परवाना नसतानाही क्लबाचं पिस्तूल देखरेखीखाली चालवता येतं, हे मी त्याला सांगितलं होतं. "बघू," म्हणाला. देखरेखीची बाई दोन-तीन गुरुवार त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करत नव्हती. तो आला नाही.

नोव्हेंबरात ते दोघं मला एकदा बसमध्ये दिसले. शेजारी बसले होते. तो मोबाईल बघत होता, आई खिडकीबाहेर. पिस्तूल मधून गेलं की बोलतील, असा माझा अंदाज होता. अंदाज चुकला. मी मधल्या दाराने चढले होते, तशीच पुढच्या स्टॉपवर उतरले.

आई परत जायच्या आदल्या दिवशी त्यांचा मला फोन आला. बॅगेचं वजन, विमानातलं जेवण, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, इथल्या दह्याला पाणी कसं सुटत नाही, असं बराच वेळ चाललं. सवयीप्रमाणे मी कान लावून वाट बघत होते, की आता मुद्दा येईल. मुलाची तक्रार असेल, किंवा मी मदत केली नाही त्याचा राग. काही आलं नाही. "बरं, ठेवते गं," म्हणाल्या, आणि पुन्हा पाच मिनिटं बोलल्या.

ठाण्यात रोज सकाळी अशी माणसं यायची. कुणाची सायकल हरवलेली, कुणाचा शेजारी कचरा टाकतो. ठाणे अंमलदार म्हणायचा, मुद्द्याचं बोला, आणि ती माणसं घाईघाईने काहीतरी मुद्दा शोधून काढायची. त्यांतल्या कितींना नुसतं बाकावर बसायचं असेल, हे मला त्या फोननंतर सुचलं. तपासात आम्ही विचारतो, घरात कोण होतं, चावी कुणाकडे होती. दिवसभर त्या घरात कोण कुणाशी बोललं, हे कुणी विचारत नाही, कारण त्याला जबाबात रकाना नाही.

फोन त्यांनी ठेवला. मी मात्र अजून काही येईल म्हणून थोडा वेळ तसाच कानाला धरून बसले होते.