घरच्या भिंतीवरचा तक्ता

त्या गुरुवारी मी माझ्या मुलीचा उजवा डोळा पुठ्ठ्याने झाकला आणि तिने विचारलं, "बाबा, तक्ता पुसला का तुमी?"

प्रज्ञा तेव्हा पहिलीत होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या सरकारी दवाखान्यात नेत्र सहायक होतो. डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदा छिंदवाड्याहून येत. एरवी नजर तपासणं, चष्म्याचा नंबर काढणं आणि शाळाशाळांत फिरणं हे माझं काम. त्या दिवशी तिच्या शाळेची पाळी होती. ती इतर मुलांबरोबर रांगेतून आली.

मुलांच्या तक्त्यावर इंग्रजी ई हे एकच अक्षर असतं, वर मोठं आणि खाली लहान होत गेलेलं. त्याच्या दांड्या जिकडे, तिकडे मुलाने बोटं दाखवायची. प्रज्ञाने उजव्या डोळ्याने शेवटची ओळ बिनचूक दाखवली. डाव्याने फक्त सगळ्यात वरचं अक्षर, तेही चाचपडत. आम्ही याला सहा-साठ म्हणतो. इतरांना साठ मीटरवरून दिसतं, ते तिला सहा मीटरवर यावं तेव्हा दिसायचं. पूर्ण नजर म्हणजे सहा-सहा.

डॉक्टर म्हणाले, आळशी डोळा. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असला की मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. उपाय म्हणजे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. मग आळशाला कामाला लागावंच लागतं. पण हे लहानपणीच करावं लागतं. वय निघून गेलं की पट्टीचा उपयोग नाही.

मी दवाखान्यात सगळ्या आईबापांना सांगत असे, पट्टी काढायची नाही. घरीही तेच सांगितलं. दवाखान्यातला तसाच एक तक्ता आणून भिंतीला लावला. ओसरीच्या टोकाला उभं केलं की सहा मीटर भरायचे. दर रविवारी तपासणी.

माझी बायको शीला लोधीखेड्याला प्राथमिक शाळेत शिकवायची. तिला हे पटलं नव्हतं.

"पोरगी ओट्यावरून पडून राहिली. पोट्टे तिले काणी म्हणून राहिले. आन् तुमी तिले सहा-सहा मागून राहिले."

"पट्टी सुटली तर डोळा गेला समज."

"डोळ्यामागं पोरगी बी आहे न जी."

मी ऐकलं नाही, कारण रविवार माझ्या बाजूने होते. दर खेपेला एक ओळ खाली. पावसाळा संपता संपता प्रज्ञाने शेवटची ओळ दाखवली. मी स्टाफला चहा पाजला आणि डॉक्टर आले तेव्हा तिला घेऊन गेलो.

ती धडाधड बोटं दाखवत गेली. डॉक्टर तक्त्याऐवजी तिच्याकडे पाहत होते.

"इतनी फटाफट? गजभिये, चार्ट उल्टा टांगो ज़रा."

मी तक्ता उलटा टांगला. प्रज्ञाने मोठ्या अक्षरांच्या दोन ओळी बरोबर दाखवल्या. पुढे बोटं तीच, मघाचीच. सगळी चुकली. डॉक्टरांनी सहा-छत्तीस लिहिलं. "फायदा है. जितना आप बता रहे हैं, उतना नहीं."

घरी येऊन मी शीलाला सांगितलं.

"मी दुपारी पट्टी सोडून देत होती तिची. तुमाले सांगतलं नाही. ते तक्त्यासमोर बोटं करत उभी राहे. मले वाटे, खेळून राहिली."

आम्ही प्रज्ञाला जवळ बसवून विचारलं. तिला लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"आईले पट्टी आवडत नाही. तुमाले खालची ओळ आवडते," ती म्हणाली. "म्हणून मी दोन्ही केलं."

त्या संध्याकाळी आम्ही एकच नियम ठरवला. शाळेत पट्टी नाही. घरी आल्यापासून जेवणापर्यंत पट्टी, आणि ती शीलानेही सोडायची नाही. तक्ता दवाखान्यात परत. पट्टी असताना शीला तिला बारीक काम द्यायची, तांदूळ निवडायचे, सुईत दोरा ओवायचा. मी शेजारी बसायचं, पण दिसतं का असं विचारायचं नाही. एकदा मी राहिलेला खडा बोटाने दाखवला.

"राहू द्या," शीला म्हणाली. "दाताखाली आला की कळते."

तो हिवाळा आम्ही खडे खात काढला. कोणी तक्रार केली नाही.

डावा डोळा सहा-अठरापर्यंत आला आणि वर्षभर तिथेच थांबला. डॉक्टर म्हणाले, आता पुढे जाणार नाही. मी विचारलं, अजून काही महिने पट्टी ठेवली तर? शीला सोबत होती.

"साहेब, हे दवाखान्यात बी असेच मागे लागते का जी?"

डॉक्टर हसले. मी पट्ट्यांचा डबा कपाटात परत ठेवला. तिघं चालत घरी आलो. प्रज्ञा पुढे होती आणि दुकानांच्या पाट्या वाचत चालली होती.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत आई आणि बाप दोघे आल्याशिवाय मी कोणाला पट्टी सांगितली नाही. आणि प्रत्येक मुलासाठी तक्ता एकदा उलटा टांगला.

शीला मागच्या थंडीत गेली. प्रज्ञा पांढुर्ण्याला कॉलेजात शिकवते, रविवारी स्वतः गाडी चालवत येते. तिचा डावा डोळा अजून सहा-अठराच आहे. दरवर्षी मीच तपासतो.